दुसऱ्या फीडरवरची लाइट

लाइट परत आली की दुरुस्ती झाली, असं आपण धरून चालतो. पंखा फिरायला लागला, फ्रिजने अंग झटकलं, सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी ‘आली’ असं टाकलं, की विषय संपला. पण जमिनीखालच्या केबलवर चालणाऱ्या जुन्या वस्तीत लाइट येते तेव्हा बहुतेक वेळा काहीच दुरुस्त झालेलं नसतं. जिथे केबल गेली तिथे ती तशीच मातीत फुटलेली पडून असते. आपल्याला फक्त आता दुसरीकडून वीज मिळत असते. रस्ता खोदणारी माणसं काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी येतात, आणि तेव्हा आपण त्यांच्यावरच वैतागतो : आता कशाला खोदताय, लाइट तर आहे की!

मला हे शेजारच्या काकांमुळे कळलं. काका बोर्डात होते. बोर्ड म्हणजे १९६० साली स्थापन झालेलं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. ६ जून २००५ ला त्याची महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशी विभागणी झाली, पण काकांच्या तोंडी अजून बोर्डच आहे. वायरमन म्हणून लागले, पुढे केबलच्या गँगमध्ये गेले आणि जॉइंटर, म्हणजे केबल सांधणारा, म्हणून निवृत्त झाले. लाइट गेली की आम्ही मोबाइल हातात घेतो, काका गॅलरीत जातात. कोणत्या गल्लीत अंधार आहे, दत्ताच्या देवळातला दिवा चालू आहे का, कोपऱ्यावरच्या मेडिकलची पाटी पेटली आहे का, एवढं बघून निदान सांगतात. आपल्याच इमारतीत काही घरांत आहे आणि काहींत नाही, तर एक फेज गेलाय, खाली पिलरमधला, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीतला, फ्यूज बघा. काही घरांत दिवे मिणमिणतायत आणि काहींत डोळे दिपतायत, तर न्यूट्रल तुटलाय, आधी टीव्ही-फ्रिजचे प्लग काढा. अख्खी गल्ली गेली पण पलीकडची आहे, तर डीपी, म्हणजे गल्लीतला ट्रान्सफॉर्मर. आणि चौकापासून पार नदीपर्यंत सगळंच काळं, तर फीडर ट्रिप झालाय. मग चहा ठेवा.

फीडर हा शब्द आपण रोज ऐकतो, पण तो नेमका कुठून कुठे जातो याचं चित्र फारसं कुणाच्या डोळ्यासमोर नसतं. कोयनेचं पाणी असो किंवा चंद्रपूरचा कोळसा, तिथली वीज ४०० किंवा २२० केव्हीच्या (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) मनोऱ्यांवरून शहराच्या वेशीवर येते. पुण्यात पर्वतीला असं २२० केव्हीचं उपकेंद्र आहे. तिथून व्होल्टेज उतरवत उतरवत ती २२ आणि ११ केव्हीच्या केबलमधून पेठांत शिरते, गल्लीतल्या डीपीत ४३३ व्होल्टवर येते, फीडर पिलरमध्ये वाटली जाते आणि आपल्या मीटरपर्यंत पोचते. रास्ता पेठेतल्या चौकाला अजून पॉवर हाऊस चौक म्हणतात. तिथे आता वीज तयार होत नाही, महावितरणचं कार्यालय आहे. पण शहराला वीज गावातूनच मिळायची त्या काळाची ती खूण.

यात महत्त्वाचा भाग म्हणजे त्या ११ किंवा २२ केव्हीच्या केबलची, म्हणजेच फीडरची, रचना. नीट आखलेल्या शहरी भागात ती एका उपकेंद्रातून निघून कुठेतरी जाऊन संपत नाही. ती वाटेतल्या डीप्या घेत घेत पुढे जाते आणि दुसऱ्या उपकेंद्रातून तशाच निघालेल्या केबलला भेटते. भेटते, पण जोडलेली नसते. मध्ये एक स्विच कायम उघडा ठेवलेला असतो. जुन्या वाड्याला पुढचा दिंडी दरवाजा असतो आणि मागच्या बोळात उघडणारं एक छोटं दार, एरवी कडी घातलेलं, तसाच हा प्रकार. पुढची वाट बंद झाली की मागची कडी काढायची.

हे स्विच असतात ते खोके तुम्ही पाहिलेले आहेत. फुटपाथवरचं राखाडी कपाट, अंगावर क्लासच्या आणि पेस्ट कंट्रोलच्या जाहिराती, शेजारी चहाची टपरी किंवा कायमची लावलेली स्कूटर. त्याला रिंग मेन युनिट म्हणतात, बोलताना नुसतं आरएमयू. साध्या आरएमयूत तीन स्विच : एका बाजूने केबल येते त्याचा, दुसऱ्या बाजूने पुढे जाते त्याचा, आणि तिसरा मधल्या डीपीचा.

केबलमध्ये फॉल्ट झाला की उपकेंद्रातला ब्रेकर पडतो आणि त्या फीडरवरच्या सगळ्या डीप्या एकदम जातात. आता फॉल्ट नेमक्या कोणत्या दोन आरएमयूंच्या मध्ये आहे हे शोधायचं असतं. काही ठिकाणी फॉल्टचा प्रवाह जाऊन गेल्याचं दाखवणारे दिवे असतात, ते चालू स्थितीत असले तर काम पटकन होतं. नाहीतर जुनी रीत : फीडर मधोमध तोडायचा, अलीकडचा अर्धा चार्ज करून बघायचा. उभा राहिला तर फॉल्ट पलीकडे. मग उरलेल्याचा पुन्हा अर्धा. आपल्याकडे लाइट येते, दोन मिनिटांत जाते, पुन्हा येते, तेव्हा घरोघरी जे शब्द निघतात त्यांचा मान राखूनही सांगायला हवं, की तो बरेचदा खेळखंडोबा नसतो. कुणीतरी अंधारात मोटरसायकलवर एका खोक्याकडून दुसऱ्या खोक्याकडे जात असतं आणि फोनवर उपकेंद्राला ‘घे’ आणि ‘काढ’ म्हणत असतं.

फॉल्टचा तुकडा सापडला की त्याच्या दोन्ही टोकांचे स्विच उघडायचे. अलीकडच्या डीप्या आपल्या मूळ उपकेंद्रावर, पलीकडच्या डीप्या कडी काढून दुसऱ्या उपकेंद्रावर. सगळ्यांना लाइट मिळाली. सोसायटीच्या ग्रुपवर ‘आली’.

आणि इथून पुढे ती वस्ती एका पायावर उभी असते. मागचं दार आता पुढचं झालं. त्याच्यामागे आणखी दार नाही. पुढचा फॉल्ट झाला तर कडी काढायला काही उरलेलं नाही. हे आपल्याला माहीत नसतं, कारण घरातल्या पंख्याला कोणत्या दाराने वीज आली ते कळत नाही. खोदाईची परवानगी मिळायला वेळ लागतो. पावसाळ्यात तर रस्ते खोदायला महापालिका सहसा मनाई करतात, आणि केबल सर्वांत जास्त जातात त्या नेमक्या पावसाच्या तोंडाशी. एप्रिल-मेमध्ये केबलभोवतीची माती कोरडी पडते. कोरडी माती उष्णता बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे केबल आतल्या आत तापत राहते. पूर्वी पेठांतला भार रात्री उतरायचा, केबलला गार व्हायला सवड मिळायची. आता रात्रभर एसी. असा महिना-दीड महिना गेला की जुन्या जॉइंटला सूक्ष्म फटी पडतात आणि पहिल्या वळवाचं पाणी त्यांतून आत शिरतं.

माझं मत असं, की जाळं म्हातारं झालंय की नाही हे केबलच्या वयावरून ठरवायला जाऊ नये. पन्नास वर्षांची केबलही, तिच्यावर बेताचा भार असेल आणि तिला कुणी कुदळ मारली नसेल, तर गुमान काम करत राहते. बघायचं ते हे, की दोन फीडरपैकी एक पडला तर दुसरा त्याचा भार घेऊ शकतो का. त्यासाठी साधा हिशेब आहे : एरवी दोघांवरही आपापल्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास भार हवा. निम्मी क्षमता रिकामी ठेवायची, वर्षानुवर्षं, कधीतरी लागेल म्हणून. कागदावर ती उधळपट्टी दिसते. म्हणून भार वाढायला लागला की पहिल्यांदा हीच रिकामी जागा खाल्ली जाते. तक्रार कुणाचीच नसते, कारण दिवे नेहमीसारखे लागतात.

पेठेत हे डोळ्यांदेखत घडलं. जिथे वाडा होता, दहा-बारा बिऱ्हाडं, प्रत्येकी दोन दिवे, एक पंखा आणि पुढेमागे एक फ्रिज, तिथे आता लिफ्ट आणि पाण्याचे पंप असलेली इमारत आहे. फ्लॅट तेवढेच, पण प्रत्येक फ्लॅटला दोन-तीन एसी आणि गीझर. खालून जाणारी केबल मात्र वाड्याच्या वेळची. कडक उन्हाळ्यात दोन्ही फीडर भरलेले असतील तर मागचं दार नुसतं नावाला राहतं : स्विच आहे, लावायची पद्धत आहे, पण लावला की दुसराही पडेल. मग ऑपरेटर अर्धा भाग घेतो, अर्धा अंधारात ठेवतो, तासाने अदलाबदल करतो.

मुंबईत १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या ते आठवत असेल. तिथे प्रकरण गल्लीतल्या केबलचं नव्हतं, कळवा-पडघा भागातल्या अतिउच्चदाब वाहिन्यांचं होतं. पण हिशेब तोच. काही वाटा आधीच बंद, उरलेल्यांवर जास्तीचं ओझं, आणि मग एकामागोमाग एक.

केबल प्रत्यक्ष दुरुस्त कशी होते हा भाग मला फार आवडतो, म्हणून जरा थांबतो. फुटलेला तुकडा दोन्ही बाजूंनी सोडवून आधी मेगर लावून बघतात, म्हणजे कोणत्या कोअरचं, आतल्या तारेचं, इन्सुलेशन गेलंय ते कळतं. पण तुकडा चारशे-पाचशे मीटरचा असू शकतो आणि सगळा रस्ता तर खोदता येत नाही. मग केबलमध्ये विजेचा एक स्पंद सोडतात; तो फॉल्टवरून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतराचा अंदाज येतो. शेवटी थम्पर. गाडीतून केबलला थोड्या थोड्या वेळाने उच्चदाबाचे धक्के देतात, फॉल्टच्या जागी ठिणगी पडून जमिनीखाली धप्प आवाज होतो, आणि एक माणूस कानाला हेडफोन लावून रस्त्यावर तो आवाज शोधत फिरतो. हे काम रात्री बरं, रहदारी कमी असते म्हणून. काका सांगतात, की नवखा माणूस डांबरावर ऐकत राहतो, मुरलेला माणूस आधी विचारतो : हल्ली इथे कुणी खोदलं होतं? नळाचं, गॅसचं, फायबरचं? कारण केबल आपण होऊन जाते त्यापेक्षा जखमी होऊन जाते जास्त. खोदणाऱ्याचा फाळ लागतो, वरचं कवच फाटतं, तो माती ओढून निघून जातो. केबल त्या दिवशी काही बोलत नाही. पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या पावसाळ्यात बोलते.

खड्ड्यात जे निघतं ते दोन पिढ्यांचं असतं. जुनी केबल शिशाच्या कवचाची, आत तेलात मुरवलेल्या कागदाचे थर. नवी एक्सएलपीई, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकच्या इन्सुलेशनची. जुनी उघडली की पहिला प्रश्न : कागदाला ओल लागली आहे का? त्याची तपासणी कुठल्या यंत्राने होत नसे. कागदाची एक पट्टी फाडायची आणि गरम केलेल्या तेलात बुडवायची. तडतडली, फेस आला, तर पाणी आहे. मग आणखी हातभर केबल कापायची, पुन्हा पट्टी, पुन्हा तेल, तडतड थांबेपर्यंत. शिशाचं कवच शिसं आणि कथील यांच्या वितळवलेल्या डाकाने, कापडाने पुसत पुसत सांधायचं. ते हातात असलेली माणसं आता निवृत्त झाली आहेत. आणि उतारावरच्या जुन्या केबलमध्ये आतलं तेल वर्षानुवर्षं खाली झिरपत जातं, वरच्या टोकाचा कागद कोरडा पडतो, हे नकाशावर लिहिलेलं नसतं. कोणत्या बोळाला उतार आहे ते ठाऊक असावं लागतं.

नव्या केबलचा जॉइंट सोपा वाटतो, गॅसच्या ज्योतीवर आवळत जाणाऱ्या नळ्या वापरतात. पण तिथेही वरचा काळा थर सोलताना सुरी जरा खोल गेली तर त्या ओरखड्यातून काही वर्षांनी केबल फुटते. शेवटी फेज तपासायचे. दोन फेजची अदलाबदल झाली तर लाइट येते, सगळे खूश, आणि इमारतीचा थ्री-फेज पंप उलटा फिरायला लागतो, टाकीत पाणी चढत नाही. काका अशा वेळी आमच्या वॉचमनला आधी पंपाकडे पाठवतात.

दुरुस्तीची खरी गोम पुढेच आहे. फुटलेला भाग कापून काढला की दोन टोकं एकमेकांना पोचत नाहीत. म्हणून मध्ये नवा तुकडा घालावा लागतो, म्हणजे एका फॉल्टला दोन जॉइंट. आणि केबलचा सर्वांत कच्चा भाग म्हणजे जॉइंट. प्रत्येक दुरुस्तीने केबल आजच्यापुरती बरी होते आणि पुढे आजारी पडायच्या जागा दोनाने वाढतात. एका हद्दीपलीकडे अख्खा तुकडा बदलणंच शहाणपणाचं, हे तिथल्या प्रत्येकाला कळतं. पण अख्खा तुकडा म्हणजे सगळा रस्ता, आणि एक खड्डा म्हणजे एक खड्डा. परवानगी खड्ड्याला लवकर मिळते.

पुण्यात गुरुवारची सवय आहे. देखभालीसाठी वीज बंद ठेवायची ती गुरुवारी, पाणी बंद ठेवून करायची कामंही बरीचशी गुरुवारीच. तेल तपासणं, तारांच्या टोकांचे ढिले लग आवळणं, फांद्या तोडणं, आरएमयूचे स्विच निदान एकदा उघड-बंद करून बघणं. जो स्विच वर्षभर हलला नाही तो गरजेच्या रात्री हलेलच असं नसतं. गुरुवारचा मेसेज आला की मीही चडफडतो, पण अलीकडे जरा कमी.

आता गावाकडे चला, म्हणजे दुसरी वाट नसणं काय असतं ते दिसेल. नगर जिल्ह्यात माझ्या मामाच्या गावी ११ केव्हीची लाइन उपकेंद्रातून निघते, ओढे-नाले ओलांडत मैलोन् मैल जाते आणि शेवटच्या वस्तीवर संपते. पलीकडून भेटायला कुणी नाही. वाटेत एक जंप, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, तुटला, एका पिन इन्सुलेटरला तडा गेला, की पुढचं सगळं बंद. हे इन्सुलेटर चिनी मातीचे. उन्हाळ्यात तापलेले असतात, त्यांवर पावसाचा पहिला शिडकावा पडला की तडकतात. तडा खालून दिसत नाही. लाइनमन खांबामागून खांब बघत जातो.

डीपी जळणं ही गावातली सर्वांत ठळक घटना, आणि तिची कारणं सगळ्यांना माहीत असतात. शेतीची लाइट ठरावीक तासच, तीही बरेचदा रात्रीची, म्हणून प्रत्येक मोटरीला ऑटोस्विच. लाइट आल्याक्षणी शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात. मोटर उठताना चालू भाराच्या पाच-सहापट करंट ओढते. डीपीला हा दणका दर खेपेला. हा ताण थोडा हलका करणारा कपॅसिटर कुणी बसवत नाही. पेटीतला किटकॅट फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घातलेली असते. पेटीला दारही नसतं. तार वितळत नाही, मग वितळायचं काम डीपीच्या आतली वेटोळी करतात. आतला कागद ठरावीक तापमानापुढे दर सहा-आठ अंशांना निम्मं आयुष्य गमावतो, तिथे असे हंगाम किती सोसणार? वीज नियामक आयोगाच्या कृतिमानकांप्रमाणे ग्रामीण भागात जळालेली डीपी ४८ तासांत बदलायची असते. मामाकडे ट्रॅक्टर आणि वर्गणी यांची तयारी त्याच्या आधी होते.

यावर उपाय झाले नाहीत असं नाही. गावठाणाचा आणि शेतीचा फीडर वेगळा केला गेला, त्याने रात्री घरात दिवा राहिला. उच्चदाब वितरण योजनेत मोठ्या डीपीऐवजी एका-दोघा शेतकऱ्यांना एक छोटी डीपी दिली. स्वतःची डीपी म्हटल्यावर जाड तार घालणारा हात थोडा थांबतो. सौर कृषिवाहिनीमुळे दिवसा वीज मिळायला लागली तर एकाच वेळी उठणाऱ्या मोटरींचा प्रश्न राहील, पण निदान रात्री साप-विंचवांत जावं लागणार नाही. मला यातलं फीडर वेगळा करणं सर्वांत मोलाचं वाटतं, जरी त्याचं उद्घाटन कधी गाजलं नाही.

दुसरी वाट प्रत्येक वेळी तारतेच असंही नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड भागात खांब ओळीने झोपले. ज्या वाऱ्याने एक लाइन पाडली त्यानेच दुसरी. तिथे वस्त्यांना लाइट यायला कित्येक दिवस, काहींना आठवडे लागले, आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या गँगनी चिखलातून खांब खांद्यावर वाहून नेले.

लाइनवर चढणाऱ्या माणसाला तर दुसऱ्या वाटेचीच भीती. कामाचं परमिट घेतलं, उपकेंद्रातून लाइन बंद केली, स्विच उघडला, तरी तो कामाच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीला जोडणारे अर्थिंग रॉड अडकवल्याशिवाय तारेला हात लावत नाही, लावू नये. कारण वीज मागूनही येऊ शकते. कुठल्या मंगल कार्यालयात जनरेटर चालू केलेला असतो आणि मेन स्विच खाली केलेला नसतो. ती वीज सर्व्हिस वायरमधून उलटी डीपीत जाते, आणि डीपीला सुलट-उलट कळत नाही; ४०० व्होल्ट एका बाजूने घातले की दुसऱ्या बाजूला हजारो व्होल्ट उभे राहतात. छतावरच्या सौर पॅनेलचा इन्व्हर्टर लाइट गेली की बंद पडतो म्हणून लोक नाराज असतात. तो बंद पडतो तो याच माणसासाठी. काकांचा एक सहकारी अशा उलट्या विजेने गेला. त्याबद्दल काका एवढंच सांगतात, की बाजूला रॉड होता, पण एकाच.

आमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत गाड्यांच्या चार्जरचा विषय निघाला. पार्किंगमध्ये चार्जर हवेत, म्हणजे मंजूर भार वाढवायला हवा, आणि गल्लीतल्या डीपीवर तेवढी जागा नाही. आवारातला एक कोपरा नव्या डीपीला आणि आरएमयूला द्यावा लागेल, अशी चर्चा झाली. आरएमयू आला तर बोळाच्या पलीकडचा दुसरा फीडरही आमच्यापर्यंत येऊ शकतो, हे काकांनी पेन्सिलने आकृती काढून समजावलं. आकृती सगळ्यांनी आदराने पाहिली. मग आवाज होईल, मुलं तिथे खेळतात, फ्लॅटची किंमत उतरेल, स्फोट झाला तर, असे मुद्दे आले. पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, आग्नेयेला असेल तर माझी हरकत नाही. मोकळा कोपरा ईशान्येचा निघाला. जागेचा विषय पुढच्या सभेवर गेला आहे. चार्जरचा ठराव मात्र एकमताने मंजूर झाला.